न हलवलेला हात

भरलेल्या कलमाला हात लावायचा नाही. द्राक्षाच्या कामात मी जे काही शिकलो त्यातली ही पहिली गोष्ट, आणि माझ्या चुलत्यांनी ती मला डोक्यात टपली मारून शिकवली. मी तेव्हा बारावी नापास होऊन तासगावात त्यांच्या कलमं भरणाऱ्या टोळीत नव्यानं दाखल झालो होतो. जंगली जातीचा खुंट रानात आधी वाढवलेला असतो. पाऊस सरता सरता तो गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटायचा, मधोमध चीर द्यायची, चांगल्या जातीची दोन डोळ्यांची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराला भिडला पाहिजे. मग प्लास्टिकची पट्टी आवळून बांधायची आणि तिकडं बघायचंसुद्धा नाही. मी दुसऱ्या दिवशी एक काडी जरा हलवून पाहिली होती, चिकटली का म्हणून. ती टपली त्याचीच.

पुढं मी स्वतः टोळी चालवायला लागलो तेव्हा हाच नियम मी चुलत्यांपेक्षा कडक पाळला. एका गड्यानं कलमाची पट्टी सोडून बघितली म्हणून भर रानात त्याच्या थोबाडीत मारली होती. माझं डोकं आधीपासूनच तापट. ज्या हातानं मारली तो उजवा हात आज माझ्या बाजूला लोंबतो आणि मी हे सगळं डाव्या हातानं लिहितोय. अक्षर वाचता येणार नाही असं बायको म्हणते. तिचं खरं आहे.

आमच्या कामात दोघांची जोडी लागते. एकानं कापायचं, एकानं बांधायचं. मी कापायचो, बायको बांधायची. ती मूळची मेढ्याकडची, डोंगरातली, लग्नाआधी तिनं द्राक्षाचा वेल पाहिलाही नव्हता. पण दोन हंगामांत तिची बोटं अशी चालायला लागली की बागायतदार निरोप धाडताना मुद्दाम सांगायचे, बांधायला बाईंना घेऊन या. तिनं बांधलेली पट्टी वाऱ्यानं ढिली व्हायची नाही आणि सालीत रुतायचीही नाही. मला तिचा अभिमान होता. तो मी तिला कधी बोलून दाखवला नाही, तो भाग वेगळा.

अपघात ऐन हंगामात झाला. सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून बायको मेढ्याला गेली होती. तिला सोडून मी एकटाच मोटारसायकलवरून परत येत होतो. उंब्रजजवळ हायवेच्या कडेला खडी सांडलेली होती. गाडी घसरली आणि मी उजव्या खांद्यावर आपटलो, मान डावीकडं ओढली गेली. हेल्मेटमुळं डोक्याला ओरखडाही आला नाही. मी उठून बसलो, गाडी उचलायला गेलो, आणि उजवा हात आलाच नाही. दुखत नव्हता, रक्त नव्हतं. तो नुसता माझ्याबरोबर आला नाही.

सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून मला समोर बसवलं. मानेतून हाताकडं ज्या नसा जातात त्या मुळापासून उपटल्यात, म्हणाले. तिथं पुन्हा जोडता येणार नाहीत. बरगड्यांच्या मधल्या नसा काढून दंडाच्या स्नायूला जोडू. बोटांची आशा धरू नका. खांद्याचं बघू. कोपर वाकला तर आपण जिंकलो म्हणायचं.

मी म्हणालो, "म्हंजे कलमच की, डॉक्टर. खुंट बरगडीचा आणि काडी हाताची."

ते हसले. "अगदी तसंच समजा," म्हणाले.

त्या हसण्याला मी दोष देत नाही. माणसाला धीर यावा म्हणून डॉक्टर असं बोलतात. पण मला त्या क्षणी वाटलं की या दवाखान्यातल्या सगळ्या माणसांत हे काम मलाच खरं कळतं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं होतं?

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. तीन आठवडे हात छातीशी बांधून ठेवला होता. तो सोडला फिजिओथेरपीच्या मॅडमनी. साताऱ्याकडच्या, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर हाताची चित्रं होती: दुसऱ्या हातानं धरून कोपर असा वाकवायचा, खांदा इथपर्यंतच फिरवायचा. खाली त्यांनी पेननं लिहिलं होतं, रोज दहा वेळा डोळे मिटून उजवा हात मनातल्या मनात वाकवायचा. हलणार नाही. तरी वाकवायचा.

बायको तेव्हा बाहेर औषधांच्या खिडकीपाशी उभी होती. मी कागदाची घडी घातली. बसमध्ये तिनं विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?"

"असंच बांधून ठेवायला सांगितलंय," मी म्हणालो. "हलवायचा न्हाई."

मी खोटं का बोललो याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला ते खोटं वाटलंच नव्हतं. तीन आठवड्यांत सोडलेलं कलम मी बघितलं होतं. डोळे फुटतात, कोवळी पानं येतात, माणूस हुरळून पट्टी सोडतो, आणि आठ दिवसांत फूट मान टाकते. मॅडम पुस्तकातून शिकल्या असतील, मी रानात शिकलो होतो. घरी आल्यावर तो कागद मी माझ्या कलमाच्या पत्र्याच्या पेटीत, चाकूंच्या खाली ठेवून दिला. बायको त्या पेटीला कधी हात लावत नसे. चाकूंच्या बाबतीत मी कसा वागतो हे तिला माहीत होतं.

तिनं जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडल्या. रोज आंघोळीनंतर ती माझा हात छातीशी धरून बांधायची आणि मी म्हणायचो, "आवळ आजून." ती आवळायची. चुलते बघायला आले तेव्हा त्यांनी गाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झ्याक बांधलंय गं. आता हलवू नगं रं गड्या, उन्हाळ्यापतूर." आम्ही तिघंही खूश होतो.

इथवर मी नुसता अडाणीपणा केला. पुढचं जे केलं ते त्याहून वाईट. सुरुवातीला चहा आला की हात आपोआप पुढं जायचा. म्हणजे तो जागेवरच असायचा, पण आतून मला तो उठल्यासारखा, कपाकडं निघाल्यासारखा वाटायचा. माशी बसली, दार वाजलं, कुणी हाक मारली, की आत तो उठलाच. मी घाबरलो. बाहेरून एवढं घट्ट बांधून उपयोग काय, आतून हिसके बसतायत की, असं मला वाटलं. म्हणून मी ते थांबवायला शिकलो. हात उठतोय असं वाटलं की त्याला तिथंच दाबायचं, लक्ष डाव्या हाताकडं न्यायचं. हट्टी माणूस आहे मी, एकदा ठरवलं की करतो. संक्रांतीपर्यंत तो चहासाठी उठायचा बंद झाला. शिवरात्रीपर्यंत कशासाठीच उठेना. मला वाटलं, कलम शांत झालं, आता चिकटतंय.

दवाखान्यातून फोन यायचे, व्यायाम चालू आहे ना म्हणून. चालू आहे म्हणायचो. मार्चअखेर आम्ही सांगलीला गेलो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बक्षीस मिळणार असल्यासारखा मॅडमच्या पुढ्यात जाऊन बसलो.

त्यांनी शर्टाची बटणं काढली आणि हात धरून हळूच वळवून बघितला. खांदा लाकडासारखा झाला होता, कोपर पुरता सरळ होत नव्हता. "हे कुणी बांधलं?" त्यांनी विचारलं.

"मी," बायको म्हणाली.

"इतकं आवळून? चार महिने?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं. एवढंच घडलं. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? मी ते बोललो नाही. आधी वाटलं मॅडमचा राग शांत होऊ दे, मग वाटलं बाहेर गेल्यावर सांगू, आणि बाहेर गेल्यावर ती रडत होती म्हणून राहिलं.

मॅडमनी मला डोळे मिटायला लावले आणि उजवा कोपर वाकवायचा प्रयत्न करा म्हणाल्या. हलला नाही तरी चालेल, नुसता प्रयत्न. मी डोळे मिटले. आणि मला प्रयत्न कुठून सुरू करायचा तेच सापडेना. डावा हात वाकव म्हटलं तर वाकतो, कसा ते सांगता येत नाही, पण वाट माहीत असते. उजवीकडं ती वाटच नव्हती. कान हलवा म्हटल्यावर माणूस जसा कपाळ आणि जबडा हलवत बसतो तसा मी खांदा उचलत होतो, दात खात होतो, मान वळवत होतो. मॅडम म्हणत होत्या, "खांदा नको, कोपर." मला घाम फुटला.

मग त्यांनी सांगितलं. शेतकऱ्याच्या घरातल्या असाव्यात, कारण मला कळेल असंच सांगितलं. मेंदूत वरच्या बाजूला एक पट्टा असतो, अंग हलवायचे हुकूम तिथून सुटतात. त्यात प्रत्येक अवयवाचा वाटा असतो. हाताच्या एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला धड. नस तुटली की हाताचा वाटा पडीक पडतो, आणि पडीक रानाचा बांध शेजारी कोरतात. कुणी वाईट म्हणून नाही, जो कसतो तो पुढं सरकतो. म्हणून आम्ही सांगतो की हलला नाही तरी रोज मनानं हात वाकवा. तेवढी राखण झाली की वाटा शाबूत राहतो. नस तर बरगडीची घातलीय, म्हणजे आता दंडाला हुकूम जाणार तो धडाच्या वाट्यातून. तो हळूहळू हाताच्या वाट्याकडं वळवून न्यायचा असतो. पण हाताचा वाटा जागेवर पाहिजे ना?

"आणि माझा?" मी विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या. "स्नायूसुद्धा थांबत नाही. नसेविना फार दिवस राहिला तर तो वाळतो, मग नस पोचूनही उपयोग नाही. आता एक दिवस वाया घालवू नका."

चार महिने मी राखण केली होती ती शेजाऱ्याची. माझ्या रानात पाऊल पडू नये म्हणून मीच दारात काठी घेऊन बसलो होतो.

पुढचा महिना मी कसा काढला ते मला नीट लिहिता येणार नाही. मॅडमनी आरसा वापरायला सांगितला होता: आरसा मध्ये उभा धरायचा, उजवा हात त्याच्या मागं, डावा पुढं. डावा वाकवला की आरशात उजवा वाकल्यासारखा दिसतो, मेंदूला जुनी वाट आठवते. बायकोच्या कपाटाचा आरसा काढून मी त्यापुढं तासन् तास बसायचो. आरशातला हात वाकायचा, मस्त वाकायचा, काडी धरल्यासारखी बोटं जुळवायचा. मागचा थंड पडलेला असायचा. तिसऱ्या आठवड्यात मी त्या हाताला डाव्या मुठीनं इतकं बडवलं की दंड निळा झाला. मला ते कळलंही नाही, तिथं जाणीवच नव्हती. बायकोनं पाहिलं आणि तेल लावलं. मला जगायचा कंटाळा आला होता. मी तिच्याशी दिवसचे दिवस बोलत नव्हतो आणि ती समजत होती की मी तिच्यावर रागावलोय.

एप्रिलच्या शेवटी चुलते मला बेदाण्याच्या शेडवर घेऊन गेले. घरात बसून डोकं फिरेल, नुसता राखणीला बस म्हणाले. तिथं बेदाण्याला रंग यावा म्हणून बंद ताडपत्रीखाली गंधकाची धुरी देतात. दुपारी ताडपत्री उचलली तेव्हा मी वाऱ्याच्या बाजूला होतो. धुराचा लोट नाकातोंडात गेला आणि मला जोराची ढास लागली. खोकता खोकता उजव्या दंडात काहीतरी लवलं, डोळा लवतो तसं.

मी पुन्हा खोकलो, मुद्दाम. काही नाही. मुद्दामचा खोकला नुसता घशातून येत होता. मग मी त्या ताडपत्रीत तोंड घातलं. छातीभर धूर ओढला. ढास लागली, दंड लवला. पुन्हा ओढला, पुन्हा लवला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, छातीत आग, आणि मी वाकून वाकून तो धूर पीत होतो. चुलत्यांनी मला कॉलर धरून मागं ओढलं.

"मरायचं हाय व्हय रं तुला?"

"आण्णा, दंडाला हात लावा," मी म्हणालो. "हात लावा आन् बघा."

त्यांनी लावला. मला ढास आली. त्यांचा हात चटका बसल्यासारखा मागं गेला.

मॅडमनी आधी धुराबद्दल शिव्या द्यायच्याच तेवढ्या बाकी ठेवल्या आणि मग म्हणाल्या की खोकायची गरज नाही. नस पोचलीय. ती श्वासाची नस आहे, म्हणून श्वासाबरोबर चालते. खोल श्वास घ्या, धरा, आणि धरलेला असताना कोपर वाकवायचा विचार करा. जून, जुलै, ऑगस्ट मी तेच केलं. श्वास घेतला की कोपर बोटभर वर यायचा, मग वीतभर. गणपतीपर्यंत हात पोटाशी आला, मग छातीशी. सोडला श्वास की धप्पकन खाली. बोलायचं म्हटलं तरी खाली. जेवता जेवता ठसका लागला की तो एकदम वर उडायचा आणि ताट सांडायचा, त्या वेळी मात्र मला हसू यायचं.

"पुढं?" मी मॅडमना विचारलं. "श्वास न घेता?"

"पुढचं काम मेंदूचं. वर्ष लागेल, दोन लागतील. काहींचा हात पुढं श्वासावाचून वाकतो. काहींना कायम श्वास घ्यावा लागतो." मग म्हणाल्या, "पहिल्या महिन्यांत ज्यांनी मनानं हात चालू ठेवला, त्यांना सोपं जातं असं मी बघितलंय." त्यांनी टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं.

हंगाम आला. टोळी आता चुलत्यांच्या हाताखाली होती. एका दुपारी जेवणानंतर त्यांनी निरोप धाडला, बांधायला बाई कमी पडतेय, सूनबाईला पाठव. निरोप घेऊन आलेली बाई अंगणात उभी होती. बाकीच्या बाया रस्त्यावर थांबल्या होत्या.

मी उंबऱ्यात बसलो होतो. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला काड्यांचा भारा माझ्याकडं ठेवायला दिला होता, तो मी उजव्या कोपरात घेऊन बघत होतो. श्वास ओढला, धरला, हात वाकला, भारा छातीशी टेकला. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या उजव्या हातानं कामाची वस्तू धरली होती. बायको बघत होती. मला वाटलं ती हसेल.

ती त्या बाईला म्हणाली, "मी न्हाई येत. माझ्या हातानं बांधल्यालं जगत न्हाई."

बाई म्हणाली, "आवं, कायतरीच काय?"

"हे बघा की," बायको म्हणाली, माझ्याकडं बोट करून. "मीच आवळून आवळून घालवला ह्यो हात. आता लोकांच्या बागा कशाला घालवू?"

ती रडत नव्हती. आपल्याला साखर चालत नाही असं सांगावं तसं सांगत होती. मार्चपासून ती हेच धरून चालली होती, आणि मी रोज तिच्यासमोर बसून श्वास ओढत होतो. माझ्या छातीत श्वास भरलेला होता, भारा कोपरात होता. बोललो तर पडणार हे मला माहीत होतं. डोळ्यांपुढं काजवे येईपर्यंत मी तो धरून ठेवला. तेवढा वेळसुद्धा मी हाताचाच विचार केला, हे कबूल करतो.

मग मी श्वास सोडला. "पेटीत कागद हाय," मी म्हणालो. "चाकूंच्या खाली. मॅडमनी हात सोडायला सांगितला व्हता. तुला मी सांगितलंच न्हाई."

हात खाली आला, भारा उंबऱ्यावरून अंगणात गेला, काड्या पसरल्या. त्या बाईनं पुढं होऊन त्या गोळा केल्या. बायको आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. ती कागद घेऊन बाहेर आली आणि तिथंच पायरीवर बसून वाचायला लागली, आधी चित्रं, मग खालचं पेननं लिहिलेलं. तिनं ते दोनदा वाचलं. मला वाटलं ती ओरडेल. मला ते हवं होतं.

"दहा येळा लिवलंय," ती म्हणाली. माझ्याकडं बघत नव्हती. "डोळे मिटा. श्वास घ्यायचा न्हाई, नुसतं मनानं."

मी डोळे मिटले. उजवीकडं ती वाट शोधायला लागलो.

"एक," ती म्हणाली.

हात हलला नाही. "दोन," ती म्हणाली. असे तिनं दहा मोजले, एकसारख्या आवाजात, मध्ये कुठंही घाई न करता. मग उठल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले तेव्हा तिनं कोनाड्यातलं पट्टीचं रीळ घेतलं होतं. कागद पायरीवर ठेवून, वर दगड ठेवून ती त्या बाईबरोबर निघाली. रस्त्यावरच्या बायांमध्ये मिसळेपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मी पुन्हा डोळे मिटले आणि अकराव्यांदा करून बघितलं.